गरिबाला ऱ्हस्व, शरीराला दीर्घ

वर्गाच्या फरशीवर २४ चिठ्ठ्या पसरल्या आहेत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या, एकेकीवर जाड पेनाने एकेक शब्द. फूल, दूध, सून, गरीब, वकील, बहीण, जमीन, पोलीस, गुण, विष, मंदिर, तरुण, गीत, शरीर, जीव, माणूस, लाकूड, पाऊल, तारीख, किडा, पूजा, परीक्षा, जामीन, आणि. सहावीतली चार-चार मुले अशा एकेका संचाभोवती मांडी घालून बसली आहेत. फळा कोरा आहे. मी एवढेच सांगितले आहे : यांचे गट पाडा, आणि तसेच का पाडले ते मला सांगा.

रसग्रहण म्हटले की आपल्याला कविता आठवते. दहावीच्या कृतिपत्रिकेने तर त्याचे मथळेही ठरवून टाकले आहेत : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. या चिठ्ठ्या म्हणजे काही कविता नव्हे. त्यांना कवी नाही, यमक नाही, मांडाल तो त्यांचा क्रम. तरी शिकवण्याच्या इतक्या वर्षांत ज्या मजकुराकडे मी सर्वांत जास्त वेळा वळले आणि ज्याने दर वेळी मला काहीतरी नवे दाखवले, तो हाच. म्हणून रसग्रहणही त्याचेच.

पहिला डाव मुले अर्थाने मांडतात. ते दर वर्षी होतेच. एका टोळीने पोलीस, वकील, जामीन आणि गरीब या चार चिठ्ठ्या एकीखाली एक लावल्या. हे काय, म्हणून विचारले तर उत्तर आले, "कोर्टातली केस आहे, बाई." शेजारच्या मुलाने न बोलता त्याखाली 'तारीख' सरकवली. आपल्या न्यायव्यवस्थेवर पाच चिठ्ठ्यांत याहून नेमके भाष्य मी तरी वाचलेले नाही. दुसऱ्या टोळीने मंदिर, पूजा, दूध एकत्र करून 'फूल' शोधायला हात घातला, तर ते आधीच जमीन, लाकूड आणि किडा यांच्याबरोबर शेतात जाऊन बसलेले. फुलावरून थोडे भांडण झाले.

हा डाव मी मोडत नाही. शब्दाचा अर्थ हातात येण्याआधी त्याच्या वेलांटीबद्दल बोलणे म्हणजे माणसाचे नाव विचारण्याआधी त्याच्या बुटांचे माप घेणे. शुद्धलेखनाच्या तासाला आपण नेमके तेच करत आलो. दहा ओळी उतरवून आणा, चुकलेला शब्द दहा वेळा लिहा, उद्या श्रुतलेखन. दहा वेळा लिहिताना मूल आधी दहा वेळा 'प' लिहिते, मग दहा वेळा 'री', मग दहा वेळा 'क्षा'. उभ्या रकान्यांत, भिंत बांधल्यासारखे. शब्द एकदाही लिहिला जात नाही.

दुसऱ्या डावाला मी सांगते, आता अर्थ विसरा, वेलांट्या आणि उकार बघा. पहिली वेलांटी इकडे, दुसरी तिकडे. पहिला उकार इकडे, दुसरा तिकडे. हे पाच मिनिटांत होते आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. ते व्हायचेही नसते. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर गरीब आणि शरीर ही जुळी भावंडे आहेत : तीन अक्षरे, मधले अक्षर तेच 'री', दोन्हींत दुसरी वेलांटी. मुले दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवतात, आणि ठेवलेल्याच बऱ्या.

मग मी दुसरा संच वाटते. त्यात हेच शब्द 'ला' लावून लिहिलेले असतात, आणि जोड्या लावायच्या असतात. फूल–फुलाला. गरीब–गरिबाला. शरीर–शरीराला.

इथे वर्ग थांबतो. प्रत्येक वर्षी, प्रत्येक तुकडीत, याच जोडीवर. कुणीतरी म्हणते, "बाई, तुमची चूक झाली." एक मुलगी दोन्ही चिठ्ठ्या उचलून खिडकीपाशी उजेडात घेऊन गेली होती, जणू कागदातच काहीतरी फरक असावा.

या क्षणाची मजा कळायची तर एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : इथे कानाचा उपयोग नाही. इंग्रजीत वेलांटी लांबली की अर्थ बदलतो. मराठी बोलताना तसे सहसा होत नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बापडा, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, अशी पाच-सहा उदाहरणे व्याकरणाच्या पुस्तकांत पिढ्यान्पिढ्या फिरतात, पण त्यांतले बहुतेक शब्द संस्कृतातून आलेले. आपल्या घरच्या शब्दांत असे जोड शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. शेकडो वर्षे मराठीचा सारा कारभार मोडीत चालला, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. त्यामुळे कुणाच्या जमिनीचा सातबारा अडला नाही, की कुणाचे पत्र उलटे वाचले गेले नाही. तेव्हा "नीट ऐका म्हणजे नीट लिहाल" हा जो सल्ला आपण मुलांना देतो तो निम्मा खोटा आहे. 'गरिबाला' आणि 'गरीबाला' तोंडातून सारखेच येतात. ते डोळ्यांनी पाहावे लागतात आणि हातांनी हलवावे लागतात. चिठ्ठ्यांचे काम इथे सुरू होते.

मग रकाने पडू लागतात. डावीकडे ज्यांची वेलांटी किंवा उकार 'ला' लागताच आखडतो ते : फुलाला, दुधाला, सुनेला, गरिबाला, वकिलाला, बहिणीला, जमिनीला. उजवीकडे जे जागचे हलत नाहीत ते : गुणाला, विषाला, मंदिराला, तरुणाला, गीताला, शरीराला, पूजेला, परीक्षेला. रकान्यांना नावे द्यायची मी घाई करत नाही. मुलेच देतात. एका वर्षी 'बदलणारे' आणि 'हट्टी' अशी नावे पडली होती, आणि ती माझ्या मते व्याकरणातल्या नावांपेक्षा वाईट नव्हती.

आता हे दोन रकाने कवितेच्या दोन कडव्यांसारखे वाचून पाहा.

उजवीकडचे सगळे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. गुण, विष, मंदिर, गीत, शरीर. यांना आपण तत्सम म्हणतो. मराठीने त्यांना पाहुण्यासारखे वागवले आहे : आलात, बसा, तुमच्या अंगावर जे कपडे आहेत तेच राहू द्या. ऱ्हस्व आलात तर ऱ्हस्व, दीर्घ आलात तर दीर्घ.

डावीकडे काय आहे? फूल, दूध, सून, बहीण. फुल्ल, दुग्ध, स्नुषा, भगिनी यांची झिजून, घासून, मराठी तोंडात बसलेली रूपे. ही घरची माणसे, त्यांना घरचे नियम. इथवर कुणालाही पटेल. पण याच रकान्यात, त्यांच्या मांडीला मांडी लावून, गरीब, वकील आणि जमीन बसले आहेत. गरीब आणि वकील अरबी, जमीन फारसी. ते मुलखाबाहेरून आले, दरबारातून आणि कचेरीतून आले, आणि लेखनाच्या नियमांनी त्यांना घरचे मानले. त्यांना पाहुण्याची सवलत नाही. सुनेला जो नियम तोच वकिलाला.

मला या मांडणीत सर्वांत सुंदर वाटते ते हे. संस्कृत आपली आजी, असे आपण भाषणांत म्हणतो. पण लिहिताना तिच्याशी आपण अदबीने, थोडे अंतर राखून वागतो. आणि ज्यांना परके म्हणून वगळावे असे अधूनमधून कुणाला तरी वाटते, त्या अरबी-फारसी शब्दांना मात्र केव्हाच स्वयंपाकघरात घेऊन टाकले आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या १८ नियमांत ही गोष्ट कुठेही या शब्दांत सांगितलेली नाही. तिथे फक्त अकारान्त, उपान्त्य, सामान्यरूप, तत्सम अशी कोरडी नावे आहेत. नियम वाचून ती दिसत नाही. चिठ्ठ्या मांडल्या की दिसते.

एक चिठ्ठी मात्र पाहुण्यांच्या रकान्यात लबाडीने घुसते : किडा. किड्याला. वेलांटी हलली नाही म्हणून मुले तिला उजवीकडे टाकतात. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने कुणाला तरी पूजा, परीक्षा आणि किडा शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. तिन्हींच्या शेवटी काना. पूजा आणि परीक्षा यांत काना असूनही आधीचे अक्षर दीर्घ, किडा मात्र आधीच आखडून बसलेला. विळा, पिसू, पाहुणा, सगळे तसेच : शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व. मग लक्षात येते की गरिबाला आणि फुलाला यांतही तेच झाले आहे. पुढे दीर्घ 'बा' आला, 'ला' आला, म्हणून मागचा आखडला. किडा हा घरचाच. त्याचे आखडणे आधीच उरकले होते, इतकेच. दोन वेगळे वाटणारे नियम एका चिठ्ठीने एकात मिसळतात. तो क्षण पाहायला मिळावा म्हणून मी किडा संचात ठेवला आहे, नाहीतर शब्द म्हणून तो काही फार देखणा नाही.

एवढे झाल्यावर मी मुलांना गावातल्या पाट्या वहीत उतरवून आणायला सांगते. चुकीच्या पाट्या असे मुद्दाम म्हणत नाही, नुसत्या पाट्या. दुसऱ्या दिवशी वहीत असते : गणेश मंदीर. तरूण मंडळ. पुजा साहित्य मिळेल. परिक्षा केंद्र. कुणी पेपरातला मथळा आणलेला असतो : नागपूरात पाऊस. कुणी संस्थेच्या फलकावरचे 'गरीबांसाठी मोफत शिबीर'.

मग या चुकांचे गट पाडायचे. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातले हे सर्वोत्तम कडवे आहे. मंदीर, तरूण, पुजा, परिक्षा, शिबीर यांच्यात पाहुण्याला घरचे कपडे चढवले आहेत. मराठीत अकारान्त शब्दातली वेलांटी दीर्घ होते, गरीब-वकील होतात तशी; म्हणून मंदिराचे मंदीर आणि शिबिराचे शिबीर झाले. शेवटी काना आला की आधीचे अक्षर आखडते. म्हणून पूजेची पुजा आणि परीक्षेची परिक्षा झाली. पाटी रंगवणाऱ्याने नियम मोडलेला नाही. त्याने मराठीचा नियम पाळला, फक्त जिथे तो लागू नव्हता तिथे पाळला. दुसऱ्या गठ्ठ्यात नागपूरात आणि गरीबांसाठी. इथे घरच्या माणसाला पाहुण्यासारखे वागवले आहे. सोलापुरात, कोल्हापुरात, नागपुरात असेच हवे. गंमत अशी की गावाच्या नावातले हे 'पूर' मुळात संस्कृत 'पुर'; अंतःपुरात ते अजून ऱ्हस्वच आहे. गावाच्या वेशीवर आले आणि घरचे झाले.

ज्या चुकांवर आपण वर्षानुवर्षे लाल शाई ओतली त्या अशा दोन गठ्ठ्यांत वाटल्या जातात, आणि दोन्ही गठ्ठ्यांना कारण असते. लाल शाईला एवढेच कळत होते की चूक आहे.

चुकांना कारण असते, हे पाहण्याची दृष्टी मला बाहेरून मिळाली, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेत चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या मुलांच्या मनच्या स्पेलिंगांवर लिहिले. ती मुले 'ट्र'ने सुरू होणारे शब्द 'च्र'सारखे लिहीत. मोठ्यांना तो गोंधळ वाटे. रीड यांनी दाखवले की त्या भाषेत 'ट्र' उच्चारताना जीभ खरोखरच 'च'च्या जवळून जाते, आणि मुलांचा कान मोठ्यांपेक्षा प्रामाणिक आहे. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात एडमंड हेंडरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शब्द वाटून गट पाडण्याची पद्धत रुजवली, आणि त्याच परंपरेतले 'वर्ड्स देअर वे' हे डोनाल्ड बेअर, मार्सिया इन्व्हर्निझी, शेन टेम्पलटन आणि फ्रॅन्सिन जॉन्स्टन यांचे पुस्तक १९९६ साली आले. गट पाडण्याचे दोन प्रकार त्यात सांगतात : रकान्यांची नावे आधी देऊन, किंवा अजिबात न देता. मी दुसऱ्या प्रकारची आहे, थोडी आडमुठेपणानेच. नावे दिली की मुले माझ्या तोंडाकडे बघतात. नावे नसली की चिठ्ठ्यांकडे.

पण तिथली पद्धत उचलून इथे ठेवता येत नाही. इंग्रजी स्पेलिंगचा झगडा आवाज आणि अक्षर यांच्यातला : एकच आवाज पाच प्रकारे लिहिला जातो, म्हणून तिथे शब्द मोठ्याने म्हणत वाटतात. आपल्याकडे आवाज गप्प असतो आणि रूप बोलते. म्हणून दुसरा संच लागतो, 'ला' लावलेला. तो नसेल तर आपल्या चिठ्ठ्या मुक्या.

याला अपवाद आहे एका तिसऱ्या रकान्याचा. माणूस–माणसाला. लाकूड–लाकडाला. पाऊल–पावलाला. तारीख–तारखेला. इथे वेलांटी आणि उकार आखडत नाहीत, नाहीसेच होतात. आणि इथे कान एकदम जागा होतो. 'माणुसाला' असे सहावीतले मूल काय, दोन वर्षांचे मूलही म्हणत नाही. जे त्यांना आधीच येते ते त्यांनाच कागदावर पाहायला मिळते, आणि त्याचे त्यांना फार अप्रूप वाटते. "बाई, हे तर आम्हाला येतंच होतं!" हो, येतच होते. तीन अक्षरी शब्द, पहिले अक्षर दीर्घ, की मधली वेलांटी किंवा उकार गळतो. देऊळ–देवळात, कापूस–कापसाला, बेरीज–बेरजेत, काळीज–काळजाला. मुले एकामागून एक आणतात. पाटील–पाटलाला, असे एकाने आणले आणि पाटील आडनावाच्या मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहिले.

आणि मग पोलीस येतात.

पोलीस : तीन अक्षरे, पहिले दीर्घ. नियमाने 'पोलसांना' व्हायला हवे. कुणी म्हणत नाही. पोलिसांना. त्यांच्यामागोमाग जामीन : जामनावर नव्हे, जामिनावर. पहिल्या डावात कोर्टाच्या केसमध्ये एकत्र बसलेल्या या दोघांना मुलांनी आता व्याकरणाच्या कारणाने पुन्हा एकत्र बाजूला काढले, तेव्हा वर्ग हसून लोळला. जामीन तर जास्तच गमतीचा. मूळ अरबीत त्याचा 'मि' ऱ्हस्वच. मराठीने घरात घेताना तो घरच्या नियमाने दीर्घ केला, आणि 'वर' लागताच तो पुन्हा मूळ मापावर आला. एका मुलीने दुसऱ्या दिवशी वाघीण आणि नागीण आणल्या : वाघिणीला, नागिणीला. यांतही मधला आवाज गळत नाही. तिचे म्हणणे असे की तो गळला तर ती बाई आहे हे कळणारच नाही. मी तिला बरोबर की चूक ते सांगितले नाही. माझ्या मते तिने फार चांगला विचार केला.

'गटात न बसणारा शब्द ओळखा' हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या पुस्तकांनी आपल्या सगळ्यांना पाठ करून दिला आहे. तिथे तो न बसणारा शब्द म्हणजे उत्तर. त्याच्यावर गोल केला की तो संपला. इथे तो संपत नाही. पोलीस आणि जामीन माझ्या फरशीवर आठ-आठ दिवस बाजूला पडून राहतात, आणि मुले येता-जाता त्यांच्याकडे नवा शब्द आणून लावून बघतात. कवितेतही असेच असते. जी ओळ वृत्तात बसूनही खटकते तिच्यापाशी वाचक परत परत येतो.

आता दोष. गुणगान करताना ते झाकले तर ते रसग्रहण कसले?

पहिला दोष असा की हा उपक्रम फार लवकर छापील होतो. एखाद्या प्रशिक्षणात कुणी तो दाखवला की महिन्याभरात त्याच्या झेरॉक्स निघतात : रकाने आखलेले, नावे छापलेली, शब्द खाली कंसात. 'योग्य रकान्यात लिहा.' ही पुन्हा रिकाम्या जागा भरण्याचीच वही झाली. चिठ्ठी हातात धरून, दोन रकान्यांच्या मध्ये हात घुटमळतो, ती घुटमळच यातला सगळा रस. छापील तक्त्यात ती उरत नाही. दुसरा दोष माझ्याकडून झालेला. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळे अपवाद एकाच दिवशी वाटले. कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुवार, हळूहळू पण दुडुदुडु, वर लक्ष्मीपुत्र आणि लघुकथा. त्या दिवशी मुलांनी चिठ्ठ्या रंगांप्रमाणे लावल्या. बरोबरच केले. पाहुण्यांनाही घरचा एक नियम लागू आहे, शेवटी आले तर दीर्घ व्हायचे, आणि समासात शिरले तर परत मूळ रूप घ्यायचे, ही गोष्ट फार सुंदर आहे. पण ती सहाव्या महिन्याची आहे, पहिल्या आठवड्याची नव्हे.

आणि तिसरे, ज्याला दोष म्हणावे की नाही कोण जाणे : मुले असे शब्द आणतात ज्यांना नियमांकडे अजून उत्तर नाही. टीम, रूम, जीप. 'टीमला' म्हणतो आपण, 'टिमाला' नाही. पण बूट–बुटात, तिकीट–तिकिटाला. दोन्हीकडचे शब्द इंग्रजीतूनच आले, मग एकांना सामान्यरूप झाले आणि दुसऱ्यांना नाही, असे का? एका मुलाने याचे उत्तर दिले, "बूट घरी आलाय, बाई. टीम अजून मैदानावर आहे." व्याकरणाच्या मोठ्या पुस्तकांत मला याहून चांगले वाक्य सापडले नाही.

'आणि' ही चिठ्ठी कुठल्याच रकान्यात जात नाही. तिला 'ला' लागत नाही. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, या नियमालाही ती अपवाद. 'नि' ही तिची धाकटी बहीण आणि परंतु, तथापि वगैरे संस्कृत अव्यये सोडली तर तिच्या जोडीला फारसे कुणी नाही. मुले शेवटी तिला दोन रकान्यांच्या मधल्या जागेत ठेवतात. घरचे आणि पाहुणे. कुणी शिकवलेले नसते; ती तिथेच बरी दिसते म्हणून ठेवतात.

राहिला जीव. दुसऱ्या संचात त्याची जोड मी मुद्दाम दोन प्रकारे लिहिली आहे : जिवाला आणि जीवाला. एका टोळीने तो फुलाशेजारी ठेवला, कारण आपण जिवाची मुंबई करतो, जिवाला घोर लावतो, आणि जिवाभावाचा मित्र आपल्याला असतो. दुसरीने तो शरीराशेजारी ठेवला, कारण विज्ञानाच्या पुस्तकात जीवसृष्टी आहे आणि सूक्ष्मजीवांचा धडा आहे. दोन्ही टोळ्या मागे हटेनात. खरे तर दोघींचेही बरोबर होते. ज्याने आपण जगतो, घाबरतो, माया करतो तो जीव घरचा. भिंगाखाली पाहतो तो पाहुणा. तास संपल्याची घंटा झाली तरी ती चिठ्ठी दोघांच्या हातांत ओढली जात होती, आणि शेवटी फाटली.

मी नव्या दोन कापल्या. त्या वर्षापासून माझ्या डब्यात २५ चिठ्ठ्या आहेत.